‘मूड’ची दोन घराणी आणि आपल्या मुलांची इंग्रजी वाक्ये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी व्याकरणातला ‘मूड’ शिकवायची वेळ आली, की फळ्यावर त्याच्यापुढे ‘मनःस्थिती’ असे लिहून मोकळे होण्याची सवय पडली आहे. बाजारातल्या काही गाईडांतही तेच छापलेले असते. मग ‘इम्परेटिव्ह मूड’ म्हणजे आज्ञा करण्याची मनःस्थिती आणि ‘सब्जंक्टिव्ह मूड’ म्हणजे मनातली शंका, असे मूल पाठ करते. दोन गुणांपुरते ते चालूनही जाते. पण तेच मूल पुढे पीयूसीला (अकरावी-बारावीला) जाते, नोकरीसाठी किंवा उताऱ्यासाठी इंग्रजीत अर्ज लिहायला बसते, तेव्हा त्या पाठांतराचा काडीचाही उपयोग होत नाही. आपल्या मुलांना या विषयाची शिडी घरच्या मराठीत तयार मिळते, शाळेत शिकलेल्या कन्नडातही मिळते. ती बाजूला ठेवून त्यांना भलतीकडून चढवले जाते याचे वाईट वाटते, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

इंग्रजीत ‘मूड’ हे एकाच स्पेलिंगचे दोन वेगळे शब्द आहेत. मनाचा मूड हा इंग्रजीचा अस्सल जुना शब्द. हजारभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘ओ’ लांबवून ‘मोड’ असा उच्चारला जाई; अर्थ मन, हिंमत आणि कधी रागसुद्धा. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद ‘मूट’ आजही धैर्य या अर्थाने चालतो. व्याकरणातल्या मूडचे मूळ मात्र लॅटिन ‘मोडुस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ माप, रीत, पद्धत. तो आधी ‘मोड’ होता. सोळाव्या शतकात मनाच्या मूडच्या प्रभावाने त्याचे स्पेलिंग बदलले आणि दोघे एकसारखे दिसू लागले. दोघांची विशेषणे पाहिली की फरक लगेच कळतो. मनाच्या मूडचे विशेषण ‘मूडी’, व्याकरणाच्या मूडचे ‘मोडल’. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड यांना ‘मोडल’ क्रियापदे का म्हणतात, याचे उत्तर इथेच आहे. क्रिया घडली असे सांगायचे, घडावी असे म्हणायचे, की घडली असती तर असा संकेत द्यायचा, त्याची ही रीत.

लॅटिन घराण्यातला ‘मोड’ इंग्रजीत स्वतंत्रपणेही नांदतो: फोनचा सायलेंट मोड, पैसे भरायचा मोड. फॉर्म भरताना ‘मोड ऑफ पेमेंट’ऐवजी ‘मूड ऑफ पेमेंट’ लिहिले जाते ते या दोघांची गल्लत झाल्यामुळे. तर्कशास्त्रातला मूडही याच घराण्यातला. पीयूसीला तर्कशास्त्र घेतलेल्या मुलांना संवाक्याचे मूड शिकावे लागतात. तिथे दोन आधारविधाने आणि एक निष्कर्ष अशी तीन विधाने, प्रत्येक ए, ई, आय, ओ (सर्वव्यापी किंवा अंशव्यापी, होकारार्थी किंवा नकारार्थी) या चार प्रकारांपैकी एक. म्हणून चार गुणिले चार गुणिले चार असे ६४ मूड आणि चार आकृत्यांत (म्हणजे आधारविधानांतल्या सामाईक पदाच्या चार मांडण्यांत) मिळून २५६ रूपे होतात. यांतल्या एका रूपाचे नाव ‘बार्बारा’; त्या नावातले तीन ‘ए’ म्हणजे तिन्ही विधाने सर्वव्यापी होकारार्थी: सर्व शिक्षक पदवीधर आहेत, सर्व मुख्याध्यापक शिक्षक आहेत, म्हणून सर्व मुख्याध्यापक पदवीधर आहेत. इथे मनाचा काही संबंध नाही, हे सांगितले की मुलांचा अर्धा गोंधळ मिटतो.

आता मुख्य मुद्दा. मराठी व्याकरणात या मूडला ‘क्रियापदाचा अर्थ’ म्हणतात, आणि आपल्याकडे ते चार आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मुले हे चार अर्थ मराठीच्या तासाला शिकलेली असतात. इंग्रजीच्या तासाला त्यांची नुसती आठवण करून दिली तरी काम सोपे होते.

स्वार्थावर वेळ घालवायला नको. ‘मुलगा शाळेत जातो’ हे साधे विधान, इंग्रजीत इंडिकेटिव्ह.

आज्ञार्थाच्या रूपात मूल चुकत नाही. चूक मान राखण्यात होते. मराठीत ‘बस’ आणि ‘बसा’, कन्नडात ‘बा’ आणि ‘बर्री’, असा लहानथोरांचा भेद क्रियापदातच दिसतो. शिवाय आपल्या बेळगावी बोलीत ‘या की’, ‘बसा की वो’ म्हणताना तो ‘की’ आज्ञेची धार काढून टाकतो. इंग्रजीत क्रियापदाचे रूप एकच, आणि ‘की’ नाही. त्यामुळे ‘गिव्ह मी बोनाफाइड’ असे मूल कार्यालयात म्हणते तेव्हा त्याच्या मनात ‘द्या की’ असते, पण समोरच्याच्या कानावर ‘दे’ पडते. तो ‘की’ इंग्रजीत प्रश्नाच्या रूपाने आणावा लागतो: ‘कुड यू प्लीज इश्यू अ बोनाफाइड सर्टिफिकेट?’ वाक्य दिसायला प्रश्न, काम विनंतीचे. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत अधोरेखित वाक्यातून विनंती होते की सूचना की परवानगी मागितली जाते, असे विचारतात. त्यातली मेख हीच. वाक्याचा मूड एक आणि त्याचे काम दुसरे असू शकते.

आज्ञार्थाची तृतीय पुरुषी रूपे मराठीत ‘ओ’काराने होतात: ‘देव तुझे भले करो’, ‘तुझे कल्याण होवो’. कन्नडात त्याच जागी ‘लि’ येतो: ‘देवरु ओळ्ळेयदु माडलि’. इंग्रजीत त्याला ‘गॉड ब्लेस यू’ म्हणतात. इथे ‘ब्लेस’ला एस का लागत नाही, हा प्रश्न चौकस मूल हमखास विचारते, आणि त्याला ‘ते तसेच असते’ असे उत्तर मिळते. खरे उत्तर सोपे आहे. ‘गॉड ब्लेसेस यू’ म्हटले तर ‘देव तुला आशीर्वाद देतो’ ही माहिती झाली. ‘ब्लेस’ म्हटले की ‘देवो’ ही इच्छा झाली. ‘करतो’ आणि ‘करो’ यांत जो फरक, तोच एस लावण्यात आणि न लावण्यात. हे एक वाक्य तीन भाषांत फळ्यावर एकाखाली एक लिहिले की सब्जंक्टिव्ह (इच्छा, मागणी किंवा कल्पना सांगणारा मूड) नावाचे भूत पहिल्याच तासाला उतरते.

विध्यर्थावर मात्र थांबून शिकवायला हवे, कारण आपला सगळा अर्ज-विनंतीचा व्यवहार त्यात चालतो. ‘दाखला मिळावा’, ‘रस्ता दुरुस्त व्हावा’, ‘त्याने वेळेवर यावे’. शेवटच्या ‘वा’मुळे मोरो केशव दामले यांनी १९११ च्या आपल्या व्याकरणात या रूपांना ‘वाख्यात’ म्हटले आहे. इंग्रजी अर्जात याची जागा ज्या रचनेने घेतली जाते ती अशी: आधी मागणीचे किंवा सल्ल्याचे क्रियापद, म्हणजे रिक्वेस्ट, सजेस्ट, रेकमेंड, डिमांड, प्रपोज, इन्सिस्ट, ऑर्डर, मग ‘दॅट’, मग कर्ता, आणि शेवटी क्रियापदाचे मूळ रूप, एस नाही, ईडी नाही. कर्मणी वाक्य असेल तर ‘बी’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप. ‘इट इज नेसेसरी’ किंवा ‘इसेन्शियल’ने सुरुवात केली तरी साचा तोच.

‘पावसाळ्यापूर्वी रस्ता दुरुस्त व्हावा अशी विनंती आहे’ हे इंग्रजीत होते ‘वुई रिक्वेस्ट दॅट द रोड बी रिपेअर्ड बिफोर द मान्सून’. इथे चार प्रकारच्या चुका दिसतात. कुणी ‘द रोड इज रिपेअर्ड’ लिहितो. त्याचा अर्थ रस्ता दुरुस्त झालेला आहे असा होतो, म्हणजे तक्रारच उलटली. कुणी ‘शुड बी रिपेअर’ लिहितो, त्यात शेवटचा ईडी पडलेला. कुणी ‘मस्ट बी रिपेअर्ड’ लिहितो. व्याकरणाने बरोबर, पण विनंतीच्या पत्रात तो हुकूम वाटतो. चौथा प्रकार नकाराचा. ‘शिक्षकांची बदली करू नये’ यासाठी ‘दॅट द टीचर डू नॉट बी ट्रान्सफर्ड’ असे लिहिले जाते. या रचनेत ‘डू’ कधीच येत नाही, ‘नॉट’ थेट क्रियापदाच्या आधी बसतो: ‘दॅट द टीचर नॉट बी ट्रान्सफर्ड’. कानाला ते सुरुवातीला अडखळल्यासारखे वाटते, पण बरोबर तेच आहे.

‘शुड’ घातलेले वाक्य चूक धरून गुण कापू नयेत, अशी आमची तपासनिसांना विनंती आहे. ‘द हेडमास्टर रेकमेंडेड दॅट शी शुड अप्लाय’ ही ब्रिटिश इंग्रजीतली रूढ रचना आहे. अमेरिकन इंग्रजीत ‘शुड’ गाळून नुसते ‘अप्लाय’ अधिक चालते. दोन्ही ठिकाणी औपचारिक लेखनात ‘अप्लाईज’ टाळलेले बरे. आणि मुख्य वाक्य भूतकाळी असले तरी ‘अप्लाय’ भूतकाळात जात नाही. मराठीतही ‘तिने अर्ज करावा असे ते म्हणतात’ आणि ‘तिने अर्ज करावा असे ते म्हणाले’ या दोन्हींत ‘करावा’ जसाच्या तसा राहतो. हे दाखवून दिले की वेगळा नियम पाठ करायला नको.

मूड बदलला की अर्थ कसा फिरतो, ते ‘इन्सिस्ट’ या क्रियापदावर सर्वांत स्पष्ट दिसते. ‘ही इन्सिस्ट्स दॅट शी इज इन द हॉस्पिटल’ म्हणजे ती दवाखान्यात आहे असे तो ठासून सांगतो. ‘ही इन्सिस्ट्स दॅट शी बी इन द हॉस्पिटल’ म्हणजे तिला दवाखान्यात ठेवावे असा त्याचा आग्रह आहे. ‘इज’ आणि ‘बी’ एवढाच फरक. मराठीत ‘आहे’ आणि ‘असावे’ एवढाच. ‘सजेस्ट’चेही तसेच. अहवालावरून विहीर कोरडी दिसते असे सांगायचे तर ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट द वेल इज ड्राय’. विहीर साफ करावी असे समितीने सुचवले तर ‘द कमिटी सजेस्ट्स दॅट द वेल बी क्लीन्ड’. ग्रामपंचायतीच्या ठरावांचे इंग्रजी करणाऱ्यांनी हा फरक कागदावर लिहून समोर ठेवावा.

मराठीतला प्रत्येक ‘वा’ या एका रचनेत मात्र कोंबता येत नाही. ‘मुलांनी लवकर उठावे’ हे कर्तव्य, त्याला ‘शुड’. ‘तो एव्हाना घरी पोचला असावा’ हा अंदाज, त्याला ‘मस्ट हॅव रीच्ड’. इथे ‘शुड बी रीच्ड’ ही ठरलेली चूक होते, कारण ‘असावा’ दिसला की हात ‘शुड’कडे जातो. ‘गावाकडे जावेसे वाटते’ याला ‘आय फील लाइक गोइंग’. ‘तुला यश मिळावे’ याला ‘मे यू सक्सीड’. शिकवताना आधी विचारायचे, की या ‘वा’ने कर्तव्य सांगितले, अंदाज केला, इच्छा धरली की मागणी केली? उत्तर मिळाले की इंग्रजी रूप आपोआप सापडते. गाईडात ‘वा म्हणजे शुड’ असे एकच समीकरण दिलेले असते, तिथून पुढचे सगळे बिघडते.

संकेतार्थात आपल्या मुलांची एक चूक इतकी सर्रास आहे, की तिचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. ‘मृगात पाऊस पडला असता, तर रताळ्याचे वेल वेळेवर लावता आले असते.’ मराठीत ‘असता’ दोन्ही बाजूंना आहे. म्हणून मूल इंग्रजीतही दोन्ही बाजूंना एकच रूप घालते: ‘इफ इट वुड हॅव रेन्ड, वुई वुड हॅव प्लांटेड’. इंग्रजीत मात्र दोन बाजूंना दोन रूपे. ‘जर’च्या बाजूला ‘हॅड’ आणि तिसरे रूप, ‘तर’च्या बाजूला ‘वुड हॅव’ आणि तिसरे रूप: ‘इफ इट हॅड रेन्ड इन जून, वुई वुड हॅव प्लांटेड द वाइन्स ऑन टाइम’. चूक लाल शाईने खोडण्याआधी, तुझ्या मराठीत दोन्हीकडे ‘असता’ आहे म्हणून हे झाले, एवढे सांगावे. कारण कळले की मूल पुढच्या वेळी ‘जर’पाशी स्वतःच थांबते.

‘इफ’पुढे ‘वॉज’ की ‘वेअर’, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. ‘इफ आला की वेअर’ असा सरधोपट नियम दिला जातो, तो चूक आहे. मराठी वाक्यात ‘होता’ असेल तर ‘वॉज’, ‘असता’ असेल तर ‘वेअर’. ‘तो काल सभेला होता, तर त्याने नोटीस पाहिलीच असणार’ इथे तो सभेला असण्याची खरी शक्यता आहे: ‘इफ ही वॉज ॲट द मीटिंग’. ‘तो आज इथे असता, तर काम झाले असते’ इथे तो नाही हे आपल्याला ठाऊक आहे: ‘इफ ही वेअर हिअर टुडे’. ‘मी तुझ्या जागी असतो तर’ याचे ‘इफ आय वेअर यू’ होते. यात ‘असतो’ पाहून काही मुले ‘इफ आय ॲम’ लिहितात, कारण ‘तो शनिवारी घरी असतो’ हा रोजचा वर्तमानकाळही आपण ‘असतो’नेच सांगतो. बोलण्यातल्या इंग्रजीत ‘इफ आय वॉज यू’ हल्ली खूप ऐकू येते. परीक्षेत आणि पत्रात ‘वेअर’च लिहावे.

कन्नडाचा आधार घेताना एक खबरदारी घ्यावी लागते. कन्नड व्याकरणाच्या पुस्तकात क्रियापदाची अर्थरूपे तीन दिलेली असतात: विध्यर्थक, निषेधार्थक आणि संभावनार्थक. नाव ‘विध्यर्थ’च, पण त्याचा आवाका वेगळा. कन्नडात ‘माडु’ ही आज्ञा आणि ‘माडलि’ हा आशीर्वाद दोन्ही विध्यर्थकात येतात. मराठीत आज्ञार्थ वेगळा काढलेला आहे. दोन्ही तास एकाच दिवशी असले की मूल बुचकळ्यात पडते, आणि दोन्ही विषयांचे शिक्षक एकमेकांशी बोललेले नसतील तर ते तसेच राहते. निषेधार्थकात नकार क्रियापदाच्या पोटातच असतो: ‘माडनु’ म्हणजे तो करणार नाही. संभावनार्थक मात्र इंग्रजी शिकवायला फार उपयोगी आहे. ‘अवनु बंदानु’ म्हणजे तो येईलही, येण्याची शक्यता आहे. ‘मळे बंदीतु’ म्हणजे पाऊस येईल असे दिसते. इंग्रजी ‘माइट’ची छटा मराठीत ‘कदाचित’ जोडून सांगावी लागते, कन्नडात ती एका क्रियापदात मिळते. खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या ज्या मुलांच्या कानावर दोन्ही भाषा पडतात, त्यांना ‘ही माइट कम’ शिकवायला ‘बंदानु’सारखे दुसरे साधन नाही.

नकाराचेही तसेच. ‘मस्ट नॉट’ म्हणजे करू नये, ‘नीड नॉट’ म्हणजे करायची गरज नाही. कन्नडात ‘माडबारदु’ आणि ‘माडबेकागिल्ल’ हे दोन स्पष्ट वेगळे आहेत. आपल्या बोलीत मात्र ‘तू येऊ नको’ आणि ‘तू यायला नको’ यांत ‘नको’ दोन्हीकडे येतो, आणि त्यामुळे शाळेच्या सूचनेत ‘स्टुडंट्स मस्ट नॉट पे’ असे लिहिले जाते. लिहिणाऱ्याला ‘फी भरायला नको, माफ आहे’ असे म्हणायचे असते. कागदावर ‘फी भरण्यास मनाई आहे’ असे उतरते.

मनाच्या मूडकडे थोडे वळू. मराठीत हा शब्द आता घरचाच झाला आहे, पण इंग्रजीत परत नेताना तो तसाच नेता येत नाही. ‘मूड नाही’ याचे ‘आय हॅव नो मूड’ होत नाही. ‘आय ॲम नॉट इन द मूड’ होते. पुढे नाम आले तर ‘फॉर’, क्रियापद आले तर ‘टू’. ‘मूड ऑफ आहे’ हे भारतात समजते, बाहेर ‘आय ॲम इन अ बॅड मूड’ म्हणावे. विशेषण न लावता नुसते ‘शी इज इन अ मूड’ म्हटले तर ती चिडलेली, घुश्शात आहे असाच अर्थ होतो. आपल्याकडे ‘मूडमध्ये आहे’ म्हणजे खुशीत, नेमका उलटा. ‘मूडी’ माणूस आपल्याकडे लहरी, मनस्वी. इंग्रजीत त्यात रुसवा आणि घुमेपणा जास्त. ‘सरकार माघार घेण्याच्या मूडमध्ये नाही’ हे बातम्यांतले वाक्य ‘इन नो मूड टू’ या इंग्रजी वाक्प्रचारावरून आले आहे, आणि ते दोन्ही भाषांत ठीक बसते. शहापूर-वडगावातल्या विणकरांच्या मुलांनी डिझाइनचा अभ्यासक्रम घेतला तर त्यांना ‘मूड बोर्ड’ करायला सांगतात: कापडाचे तुकडे, सुताचे रंग, छायाचित्रे एका फलकावर लावून वस्त्राचा एकूण भाव आधी ठरवणे.

कवितेच्या प्रश्नात ‘व्हॉट इज द मूड ऑफ द पोएम’ असे विचारले की ‘द पोएट इज सॅड’ असे उत्तर येते. कवीला काय वाटले ते विचारलेले नाही. कवीचा विषयाकडे पाहण्याचा सूर म्हणजे ‘टोन’, आणि वाचणाऱ्याच्या भोवती जे वातावरण तयार होते तो ‘मूड’. कवितेतली वेळ, हवामान आणि आवाज दाखवणारे दोन-तीन शब्द आधी शोधावेत, ते अवतरणात लिहावेत, आणि मग एक विशेषण द्यावे: ग्लूमी, पीसफुल, फेस्टिव्ह. शब्दांचा पुरावा नसलेल्या विशेषणाला गुण मिळत नाहीत.

दवाखान्यातल्या मूडबद्दल लिहिणे आम्हांला फार गरजेचे वाटते. तिथे हा शब्द मोजूनमापून वापरलेला असतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एफ ३० ते एफ ३९ हा गट मूडच्या विकारांचा आहे. मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे, आणि त्याबरोबर झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांत बिघाड, असे असेल तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. केसपेपरवर ‘मूड’ आणि ‘अफेक्ट’ असे दोन रकाने दिसतात: पहिला रुग्ण स्वतः सांगतो तो दीर्घकाळचा भाव, दुसरा समोर बसल्यावर चेहऱ्यावर आणि आवाजात डॉक्टरांना दिसतो तो. म्हणून दवाखान्यात ‘मूड ऑफ असतो’ एवढ्यावर थांबू नये. किती दिवसांपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, पहाटे किती वाजता जाग येते, जेवण किती कमी झाले, जीव नकोसा वाटतो का, हे मराठीतच स्पष्ट सांगावे. ‘मूड स्टॅबिलायझर’ हे नाव वाचून ती मूड आणायची गोळी आहे असा समज होतो, आणि बरे वाटू लागले की लोक ती परस्पर बंद करतात. मूडचे टोकाचे चढउतार पुन्हा येऊ नयेत म्हणून ती चालू ठेवलेली असते. लिथियमसारख्या औषधात तर ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. बेळगावहून जवळ धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, आणि केंद्र सरकारची फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या विद्यार्थी पानावर आठवड्याला एक चौकट द्यावी. तिच्यात एकच वाक्य मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, तिन्ही देवनागरीत, आणि खाली फक्त दोन ओळी: या वाक्यातल्या क्रियापदाचा अर्थ (मूड) कोणता, आणि मुले कुठे चुकतात. पहिल्या सहा आठवड्यांची वाक्ये वर आलीच आहेत: भले करो, रस्ता दुरुस्त व्हावा, पोचला असावा, पाऊस पडला असता, तो येईलही, फी भरायची गरज नाही. पुढची वाक्ये तालुक्यातल्या शाळांकडून मागवावीत, म्हणजे उतारा, बसपास, शिष्यवृत्ती, वीज जोडणी अशा मुलांच्या घरी खरोखर लागणाऱ्या अर्जांतली वाक्ये मिळतील. कन्नड वाक्ये कन्नड विषयाच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावीत. इंग्रजी बाजू तपासून द्यायला आम्ही तयार आहोत.

कळावे,

आपले,
इंग्रजी व मराठी विषयांचे काही शिक्षक,
शहापूर, बेळगाव